एकवीस दिवस बसलेलं रान

एकमत झालं. शिपाई नेहमीसारखा चपला घासत आला आणि माझ्या टेबलावर कागद ठेवून गेला. वर हिरव्या शाईचा शिक्का, एकमत. मी आधी चहा संपवला. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मनात आलं ते हेच की चला, या वेळी तरी ‘तुम्हाला कसं दिसलं नाही’ म्हणून कोणी बोलावणार नाही. मग शिक्क्याकडे पुन्हा पाहिलं. अकरा वर्षांत हा शिक्का मी तीनदा पाहिला होता. एक म्हातारा होता, मुलांना आकडे यावेत म्हणून गाणी रचायचा, त्याच्या एका गाण्यात सातानंतर एकदम नऊ यायचे. आठ का गाळला याचं उत्तर द्यायला त्याला बोलावलं. सात-आठ महिन्यांनी तो परत आला, तेव्हा गाणी सोडाच, नातवाशीसुद्धा धड बोलेनासा झाला होता. उरलेल्या दोघांचं काय झालं ते मी विचारलं नाही. आमच्याकडे विचारायची पद्धत नाही, आणि खरं सांगायचं तर ती पद्धत मला सोयीची होती.

आमच्या कचेरीत मुलांच्या गोष्टी वाचतात. छापायच्या आधी. हे ऐकलं की लोक म्हणतात, वा, काय मजेचं काम! मजा कसली डोंबलाची. सकाळी दहा ते साडेपाच ससे, खारी, पऱ्या आणि बोलकी भांडी. गोष्ट येते ती नुसता नंबर घालून, लिहिणाऱ्याचं नाव मागच्या खोलीत कुलपात राहतं. सोबत एक तक्ता असतो. डाव्या बाजूला लिहायचं ‘गोष्टीत काय घडतं’, उजव्या बाजूला ‘गोष्ट काय म्हणते’. डावी बाजू चार ओळींत उरकते, पगार मिळतो तो उजव्या बाजूचा. एकच गोष्ट दोन वाचकांकडे जाते आणि त्या दोघांनी आपसात बोलायचं नाही असा नियम आहे. दोघांनाही काही सापडलं नाही तर गोष्ट छापायला जाते. एकाला सापडलं आणि एकाला नाही, तर ज्याला सापडलं नाही त्याला साहेब बोलावतात. दोघांना तेच सापडलं की एकमत. मग मंडळ बसतं, लिहिणाऱ्याला हजर करतात, आणि मुलांच्या आसपास त्याला पुन्हा फिरकू देत नाहीत, हे कमीत कमी. मी पहिला वाचक. दुसरा वाचक शेजारच्या खोलीत बसतो, त्याची नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत, आणि कचेरीत त्याला सगळे ‘दुसरा’च म्हणतात. त्याची बायको फोन करते तेव्हा तीसुद्धा विचारते, दुसरे आहेत का हो जागेवर. यावर आम्ही इतके हसलोय की आता हसू येत नाही.

बोलायचं नाही म्हणजे कचेरीत बोलायचं नाही. मागच्या जिन्यात, डबे उघडून, आम्ही दोघं अकरा वर्षं बोलतोय. आणि बोलायचं म्हणजे काय, आमचा एक खेळ होता. हातात आलेल्या गोष्टीचा जास्तीत जास्त अचाट अर्थ काढायचा, ज्याचा अर्थ जास्त अचाट त्याला समोरच्यानं आपल्या डब्यातला एक घास द्यायचा. तीन बटणांची एक गोष्ट होती, तिसरं बटण तुटून कोचाखाली जातं आणि तिथे सुखानं राहतं. दुसरा म्हणाला, हे तर सरळ सरळ मंत्रिमंडळ आहे, तिसरं बटण परदेशी पळालंय. हसता हसता मला ठसका लागला. तक्त्यावर मात्र आम्ही दोघांनीही शहाण्यासारखं ‘नीटनेटकेपणाचे महत्त्व’ लिहिलं होतं. खेळ खेळाच्या जागी, तक्ता तक्त्याच्या जागी. अकरा वर्षं हे नीट चाललं होतं, आणि नीट चाललं होतं म्हणूनच बहुधा आम्ही बेफिकीर झालो.

मग ती करडाची गोष्ट आली. रानात एक करडू उड्या मारता मारता पडतं आणि त्याचा पाय मोडतो. बगळा हा त्या रानातला पायांचा डॉक्टर, कारण एका पायावर उभं राहणं फक्त त्यालाच जमतं. बगळा सांगतो, एकवीस दिवस हलायचं नाही. करडाला रडू येतं, कारण बाकीचे सगळे खेळायला जाणार. तेव्हा ससा म्हणतो, मीपण बसतो तुझ्याबरोबर. खार बसते. हरणं बसतात. माकडंसुद्धा बसतात, हे त्यांना फार जड जातं. सकाळी सूर्य उगवून बघतो तर सगळं रान बसलेलं. त्याला वाटतं, आपलंच काही चुकलं की काय! तो हळूहळू खाली येतो, टेकडीवर टेकतो आणि विचारतो, उठायचं नाही का आज? सगळे म्हणतात, आमचं करडू बसलंय. सूर्य जरा विचार करतो आणि म्हणतो, मग मीही बसतो. बाविसाव्या दिवशी करडू उठतं, सगळे उड्या मारतात, आणि सूर्यही एक छोटीशी उडी मारतो, त्यामुळे त्या दिवशी दुपार जरा लवकर होते. बस, एवढीच गोष्ट. मला ती आवडली होती. माकडांना फार जड जातं, हे वाक्य मी दोनदा वाचलं होतं. डाव्या बाजूला मी लिहिलं, पाय मोडलेल्या करडाला मित्र सोबत करतात. उजव्या बाजूला लिहिणार होतो, सोबतीचे महत्त्व. डब्याची वेळ झाली म्हणून कागद तसाच ठेवून जिन्यात गेलो, आणि तिथे दुसरा आधीच पाय पसरून बसला होता, डोळे मिचकावत. म्हणाला, “काय हो, एकवीस दिवस म्हटल्यावर काही आठवलं का?” मी म्हणालो, “काय आठवायचंय?” तो म्हणाला, “अहो, पाणी!”

पाणी म्हटल्यावर आठवलंच. बारा वर्षांपूर्वी पाणीपुरवठ्याच्या एका कामगाराला कामावरून काढलं, आणि त्याच्यासाठी बाकीचे सगळे कामगार हात बांधून बसले. एकवीस दिवस शहराला पाणी नव्हतं. बायको आणि मी चार-चार मजले बादल्या चढवायचो, आणि प्रत्येक मजल्यावर ती त्या कामगारांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. एकविसाव्या दिवशी गाड्या आल्या आणि ते सगळे कुठे कुठे गेले. तेव्हापासून ‘संप’ हा शब्द छापत नाहीत. बोलतानाही लोक ‘ते दिवस’ म्हणतात. दुसऱ्यानं बोटांवर मोजत अर्थ मांडला. करडू म्हणजे काढलेला कामगार, रान म्हणजे बाकीचे, बगळा म्हणजे त्यांचा पुढारी, पांढऱ्या कपड्यातला, स्वतः एका पायावर उभा राहून दुसऱ्यांना बसवणारा. मी म्हणालो, “आणि सूर्य?” तो म्हणाला, “आता ते तुम्हीच सांगा.” आणि मी सांगितलं. म्हणालो, सूर्य म्हणजे वरचे. सगळे खाली बसले तर वरच्यांनाही खाली यावं लागतं, असं ही गोष्ट मुलांना शिकवते. दुसरा मांडीवर थाप मारून म्हणाला, “वा! घ्या, दोन घास घ्या.” मी घेतले. आम्ही हसलो, पण नेहमीपेक्षा कमी हसलो. डबे घासून आपापल्या खोलीत गेलो.

आणि तिथे घोडं अडलं. कागद पुढ्यात, पेन हातात, ‘सोबतीचे महत्त्व’ लिहायचं एवढंच काम. पण आता अर्थ काढून झाला होता. आधी करडू दिसत होतं, आता पंपघर दिसायला लागलं. ते एक असो, ते मी झटकलं असतं. मी बघत बसलो ते मधल्या भिंतीकडे. भिंतीपलीकडे दुसरा काय लिहीत असेल? तो म्हणेल, पहिला एवढं ठासून बोलला, सूर्याचा अर्थ त्यानंच काढला, तो लिहिणारच. मग तोही लिहील. आणि त्यानं लिहिलं आणि मी ‘सोबतीचे महत्त्व’ लिहिलं, तर साहेब मला बोलावणार. एकदा बोलावलं होतं, सहा वर्षांपूर्वी. एका कावळ्याच्या गोष्टीत मला काही दिसलं नव्हतं आणि दुसरा रजेवर असताना त्याच्या जागी आलेल्या वाचकाला दिसलं होतं. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, तुम्हाला दिसलं नाही, की तुम्हाला दिसायला नको होतं? मग तीन महिने मी तळघरात पुस्तकांचे गठ्ठे बांधत होतो, सुतळीनं बोटं कापली होती, आणि वर खोलीत माझी खुर्ची कोणी वापरतंय का हे बघायला रोज काहीतरी निमित्त काढून जिना चढत होतो. ते पुन्हा नको होतं. माझं वय त्रेपन्न. मी लिहिलं. आणि लिहायला लागल्यावर, हे सांगायला जीभ रेटत नाही, पण छान लिहिलं. पूर्ण पान भरलं. शेवटचं वाक्य मी दोनदा खोडून नीट केलं, वजन यावं म्हणून.

वडिलांची सवय ही. वडील टपालखात्यात पत्रं निवडायचे, दिवसभर पत्ते वाचून घरी यायचे आणि संध्याकाळी मला मांडीजवळ घेऊन गोष्ट सांगायचे. गोष्ट संपली की ताट मांडलेलं असायचं, पण हात लावायचा नाही. “तात्पर्य सांग, मग जेव.” मी सहा-सात वर्षांचा असेन. गोष्टीत मला कोल्ह्याची शेपटी आवडलेली असायची, पण शेपटी आवडली हे तात्पर्य नव्हतं. सुरुवातीला मी चाचपडायचो आणि भात निवायचा. मग एक गंमत लक्षात आली. काहीही सांगितलं तरी चालतं, आवाज ठाम पाहिजे. “लोभ करू नये.” “गर्व करू नये.” गोष्टीत लोभ असो नसो. वडील मान डोलवायचे आणि ताट पुढे सरकवायचे. आई एकदा म्हणाली होती, अहो, पोराला गोष्ट ऐकू तरी द्या, परीक्षा कसली घेताय! वडील म्हणाले होते, नुसती गोष्ट ऐकून कोणाचं पोट भरलंय. आज वाटतं, त्या माणसानं मला फार लवकर धंद्याला लावलं.

तर शिक्का बघितल्यावर मी उठलो आणि नियम मोडून सरळ दुसऱ्याच्या खोलीत गेलो. त्याच्याही टेबलावर तोच कागद होता. तो बाहेर बघत होता. मी दार लोटून घेतलं आणि म्हणालो, “का लिहिलंस?” अकरा वर्षांत मी त्याच्याशी पहिल्यांदा एकेरीवर आलो. तो म्हणाला, “तुम्ही लिहाल म्हणून.” मी म्हणालो, “मी तू लिहिशील म्हणून लिहिलं.” आम्ही एकमेकांकडे बघितलं. आणि मग काय व्हावं, त्याला हसू फुटलं. मलाही फुटलं. तोंडावर हात दाबून, खांदे हलवत, दोन म्हातारे त्या खोलीत हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते थांबल्यावर मी म्हणालो, दोघांनी मिळून साहेबांकडे जाऊ, सांगू की ही थट्टा होती, जिन्यात डबा खाताना केलेली. तो एकदम पुसल्यासारखा गंभीर झाला. “माझी दोन वर्षं राहिलीत,” तो म्हणाला, “तुम्हाला जायचं तर जा. मला विचारलं तर मी कानावर हात ठेवणार. आणि जिन्यात बोलायचं नसतं, ते तुम्हालाच पहिलं लागू होतं, पहिले वाचक.” त्यानं कागद खणात टाकला आणि पुढची गोष्ट उघडली.

घरी गेलो. बायको रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, दिवसभर नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवून तिचे डोळे लाल असतात, पण माझं तोंड बघून तिला कळलंच. “काय झालंय? साहेब बोलले का?” मी सगळं सांगितलं. घरी कचेरीतलं सांगायचं नाही हाही नियमच आहे, पण एक मोडल्यावर दुसऱ्याचं काय घेऊन बसायचं. ती भाजी चिरत ऐकत होती. करडू, बगळा, एकवीस दिवस इथपर्यंत आलो आणि तिनं सुरी ठेवली. “एकवीस दिवस? अहो, लहान मुलांचं प्लास्टर एवढेच दिवस ठेवतात!” ती म्हणाली, “आणि ती गोष्ट तुम्ही ऐकलीय. माझ्या बहिणीच्या पोराचा हात मोडला होता, मुलांच्या इस्पितळात एक बाई आहेत प्लास्टर घालणाऱ्या. ओलं प्लास्टर सुकेपर्यंत पोरानं हलू नये म्हणून त्या ही गोष्ट सांगतात. गोष्ट संपते तेव्हा प्लास्टर घट्ट झालेलं असतं. भाचा इथे याच खोलीत बसून सांगत होता, करडू बसलंय, करडू बसलंय म्हणून. तुम्ही पेपर वाचत होता.” मला आठवलं. म्हणजे भाचा आठवला, गोष्ट आठवली नाही. त्यानं काही विचारलं असेल तर मी ‘हो का, वा’ म्हटलं असणार. बायको म्हणाली, “आता काय करणार त्या बाईंचं?” मी म्हणालो, “मुलांच्या जवळ जाऊ देणार नाहीत. कमीत कमी.” “आणि तुम्ही?” “गुरुवारी मंडळ आहे. वाचकांना विचारतात, टिपण कायम का.” “मग नाही म्हणा.” मी म्हणालो, “नोकरी जाईल. तळघरसुद्धा मिळणार नाही.” तिनं सुरी पुन्हा हातात घेतली. “गेली तर गेली. माझा पगार आहे. पण उगाच मला इथे विचारल्यासारखं करून मग तिथे शेपूट घालू नका, ते मला सोसणार नाही.” बोलली एवढंच. जेवताना मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आपण बरे आहोत, म्हणजे आपल्या हातून एक बरं काम होईल. त्या वाटण्याची मला गोडी लागली. दोन दिवस मी त्या गोडीवर काढले. निवेदन लिहिलं, चार ओळींचं: सदर अर्थ थट्टेत काढलेला आहे, मूळ गोष्टीत तो नाही, लेखिका निर्दोष आहे, जबाबदारी माझी. खाली सही केली. घडी करून वरच्या खिशात ठेवलं आणि रस्त्यानं जाताना खिशाला हात लावून बघत राहिलो. माणसं मला नीट दिसायला लागली होती. चौकातल्या कुलूपवाल्याला मी उगाचच बरं आहे ना म्हटलं.

गुरुवारी मंडळ अकराला होतं. साडेदहाला बोळात, मंडळाच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक बाई एकटीच बसली होती. पन्नाशीची, कापडी पिशवी मांडीवर, नखांच्या कडांना पांढरं काहीतरी कायमचं बसलेलं. मी ओळखलं. वाचकानं लिहिणाऱ्याच्या वाऱ्याला उभं राहू नये, आणि मी मुकाट्यानं आत गेलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण चांगुलपणा अंगात आला होता ना. मी बाकावर टेकलो. तिनं विचारलं, “इथलेच का तुम्ही?” म्हटलं, हो. “मग सांगाल का जरा, माझ्या गोष्टीत काय सापडलंय? पत्रात नुसतं आक्षेपार्ह लिहिलंय. मी चारदा वाचली, मला काही म्हणता काही सापडेना. माकडांचं काही आहे का?” मी हळू आवाजात म्हणालो, “बाई, हे बघा, आत गेलात की एकच सांगायचं. मी प्लास्टर घालते, प्लास्टर एकवीस दिवस ठेवतात, पोरांनी हलू नये म्हणून गोष्ट रचली. बाकी काही नाही. घाबरायचं नाही.” ती म्हणाली, “अहो, ते तसंच आहे.” “मग झालं तर.” ती म्हणाली, “पण त्यांना काय वाटलं ते तरी सांगा. न कळता नाही कशाला म्हणू मी?”

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. थोडक्यात सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण माझा अर्थ मला मोडकातोडका सांगवेना. कोणी आपण केलेली वस्तू मागितली तर माणूस ती पुसून देतो, तसं मी केलं. आधी काढलेला कामगार, मग एकेक करून बसणारे, मग ते पंपघर. माकडांना जड जातं म्हणजे काय तेही सांगितलं, ते तक्त्यात नव्हतं, तिथल्या तिथे सुचलं. आणि शेवटी सूर्य. माझा आवाज ठाम होता. सगळे खाली बसले तर वरच्यांनाही खाली यावं लागतं, हे म्हणताना माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. ती बघत होती ती माझ्याकडे नाही, समोरच्या भिंतीकडे. मग म्हणाली, “माझा भाऊ होता त्या संपात.” तो शब्द तिनं मोठ्यानं उच्चारला आणि मी दचकून बोळात दोन्हीकडे पाहिलं. “धाकटा. पंपावर होता. एकवीस दिवस घरी बसून होता आणि मी त्याला रोज टाकून बोलत होते. दुसऱ्याला काढलं तर तुझ्या बापाचं काय जातं, असं म्हटलं मी त्याला. आमचा बाप एकच, तरी असं म्हटलं. एकविसाव्या दिवशी त्याला नेलं ते नेलंच. माझं शेवटचं बोलणं ते.” तिनं पिशवीचे बंद घट्ट धरले होते. “ही गोष्ट मी त्याच वर्षी रचली. बारा वर्षं सांगतेय हो, दिवसातून पाच-सहा वेळा. मला आपलं वाटत होतं, प्लास्टरसाठी.” मी घाईघाईनं म्हणालो, “प्लास्टरसाठीच आहे! तुम्ही तेच सांगायचंय.” ती म्हणाली, “हो ना.” आणि मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून, “किती नीट वाचलंय कोणीतरी.” आतून तिला बोलावणं आलं.

मंडळाच्या खोलीत लांब टेबलामागे पाच जण बसतात, साहेब मधे. वाचक मागच्या भिंतीला लागून कर्मचाऱ्यांच्या खुर्च्यांवर बसतात, म्हणजे लिहिणाऱ्याला त्यांची तोंडओळखही होत नाही. दुसरा आधीच येऊन बसला होता, बुटांकडे बघत. मी खिशाला हात लावला. कागद होता. साहेबांनी आमचा अर्थ वाचून दाखवला, माझीच वाक्यं होती, वजनदार. मग चष्मा काढून त्यांनी बाईंना विचारलं, “तुम्हाला हे मान्य आहे?” मी मनातल्या मनात म्हणत होतो, प्लास्टर म्हण, बाई, प्लास्टर म्हण. तू प्लास्टर म्हण, मग ते माझ्याकडे वळतील, मग मी उठेन, मग दोन मिनिटांत सगळं संपेल आणि तू तुझ्या पोरांकडे जाशील. ती उभी राहिली. म्हणाली, “सकाळपर्यंत मी नाही म्हटलं असतं. मला वाटायचं ती पाय मोडलेल्या पोरांची गोष्ट आहे. तशी ती आहेही. पण तुम्ही म्हणताय तेच तिच्यात आहे. ते माझंच आहे.” एका सदस्यानं विचारलं, “सकाळपर्यंत म्हणजे? तुम्हाला कोणी सांगितलं?” ती म्हणाली, “कोणी कशाला सांगायला पाहिजे? गोष्ट माझी आहे. भाऊ माझा आहे.” साहेब म्हणाले, “विचार करून बोला.” ती म्हणाली, “बारा वर्षं विचार न करताच बोलत होते, साहेब. आज केला.” तिचा आवाज मऊ होता, आणि चेहरा, कसं सांगू, मोकळा झाला होता, कोणाशी तरी बऱ्याच वर्षांचा अबोला सुटावा तसा.

साहेबांनी कागद सरळ केले. “मग वाचकांना विचारण्याचा प्रश्नच उरत नाही,” ते म्हणाले. आणि माझा जीव भांड्यात पडला. हेच सांगायचं होतं मला, म्हणून एवढं सगळं सांगितलं. मी वाईट वाटून घ्यायच्या आधी, ओरडायच्या आधी, छातीवरचा दगड कोणीतरी अलगद उचलून ठेवला. मला कोणी उठू नको म्हटलं नव्हतं. दाराशी पहारा नव्हता. मी उठून म्हणू शकलो असतो की बाई भावाच्या दुःखात बोलतायत, हा अर्थ आम्ही दोन घासांच्या पैजेवर काढलाय, आणि मीच तो बाहेर बाकावर त्यांच्या डोक्यात भरवलाय. ते खरं होतं. पण मी स्वतःला म्हणत होतो की आता ते खरं राहिलं नाही, ती स्वतःच हो म्हणाली, तिच्या हो म्हणण्याला थट्टा म्हणायचं म्हणजे तिचाच अपमान. किती चटकन सापडलं मला हे! अर्थ काढायला मला कधीच वेळ लागत नाही. शेजारी दुसऱ्यानं श्वास सोडला, तो मला ऐकू आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे आला तो मी बाजूला सारला, घरी गेल्यावर बघू म्हणून.

कागदावर सह्या झाल्या. बाईंना सांगितलं की आता बाहेर जायचं नाही, आतल्या दारानं जायचं, तिथे दोन माणसं थांबली आहेत. इस्पितळाला कळवलं जाईल. ती पिशवी उचलून निघाली, आणि दोन पावलं जाऊन थांबली. एवढा वेळ जिच्या आवाजात काही हललं नव्हतं, ती आता गडबडली. “साहेब, एक होतं. उद्या एका मुलीचं प्लास्टर काढायचंय. पाच वर्षांची आहे, दोन्ही पाय प्लास्टरात आहेत. तिला त्या करवतीची फार भीती वाटते, ती दुसऱ्या कोणाला हातच लावू देत नाही. मी तिला शब्द दिलाय. तेवढं काढून आले तर चालेल? कोणी बरोबर द्या हवं तर.” साहेबांनी सदस्यांकडे पाहिलं. सदस्यांनी टेबलाकडे पाहिलं. कोणी हो म्हणेना, नाही म्हणेना. ती वाट बघत उभी होती, एकेकाच्या तोंडाकडे बघत, आणि ती शांतता वाढत चालली होती. ती कधी संपेल असं मला झालं, दुसरं काहीसुद्धा वाटत नव्हतं, फक्त ही संपावी. “काढेल कोणीतरी,” मी म्हणालो. ती वळली. मला बघितलं, बाकावरचा तो मीच हे तिला कळलं, आणि मी कुठल्या खुर्चीवर बसलोय, म्हणजे वाचकही मीच, तेही कळलं असणार. मग ती आतल्या दारानं गेली. त्या सुनावणीत मी बोललो ते एवढंच.